मडकी मुकी येणार नाहीत

मु. पो. मोहाडखेडे, ता. जामनेर
आश्विन वद्य पंचमी

ती. नाना यांस,

धाकट्या कुंदाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कागदावर. एरवी मी ताठ बसून लिहिते आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.) आपली प्रकृती कशी आहे? गुडघ्याला तेल लावता ना? विमलच्या लग्नाचे पापड करायला वहिनी इकडे आल्यापासून धुळ्याला तुमचे जेवणाचे हाल होत असतील, पण शेजारच्या काकू पोळ्या पाठवतात असं कळलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. वहिनी मजेत आहेत. इथल्या हवेनं त्यांच्या दंडात चांगलीच ताकद आली आहे. आमच्या आबांनी, म्हणजे मामंजींनी, आशीर्वाद सांगितला आहे. केळी छान निसवली आहे. घरचं सगळं ठीक.

आता तुमच्या पत्राविषयी. 'कुंदा गावात बायकांचा बँड काढते आहे असं कानावर आलं, ते खोटं असेल अशी आशा आहे,' असं आपण लिहिलंत. नाना, आशा सोडा. उद्या दुपारी भांडी आवरली की आमची पहिली एकत्र तालीम आहे. 'पाटलाच्या लेकीला हे शोभतं का' असंही विचारलंत. शोभतं की नाही ते वाजल्यावर कळेल. न वाजताच ठरवायचं असेल तर मग कोर्टात आपण साक्षीदार तरी कशाला तपासता?

हे खूळ डोक्यात कुठून शिरलं, असंही आपण विचारता. तुम्हीच घातलंत. मागच्या वैशाखातलं माझ्या सिंधूचं लग्न आठवा. कुंभाराकडून लग्नाची मडकी आणायला आम्ही बायका निघालो. हा मान बायकांचा, आणि तो वाजतगाजत व्हायचा असतो. बँडवाले मांडवाच्या सावलीत बसले होते, ते बिचारे उठायला लागले, तोच मामा म्हणून मिरवणारे आपण हात वर करून म्हणालात, "बसा हो, बसा, उठू नका. बायकांचं काय, जातील नि येतील. ऊन फार आहे." ऊन फार होतं हे खरं, पण ते आमच्याच डोक्यावर होतं ना? मडकी मुकी आली. कुंभारीण मला बाजूला घेऊन हळूच विचारते, "घरात काही वाईट झालं का वं माय?" मी हसून वेळ मारून नेली. रात्री मात्र रडले. पोरीच्या लग्नात आई रडतेच, म्हणून कुणी विचारलंही नाही. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, की आता आपल्या घरात पुढचं जे लग्न होईल, त्यात मडकी वाजत येतील. पुढचं लग्न तुमच्या विमलचं निघालं, त्याला मी काय करू?

वाद्यं कुठून आणली म्हणाल, तर चोरली नाहीत. इथले झुंबरलाल शेठजी आहेत ना कापडवाले, त्यांनी कोणे एके काळी देवळाच्या मिरवणुकीसाठी वाजंत्री घेऊन ठेवली होती. ती कपाशीच्या गोदामात उंदरांच्या ताब्यात होती. गोदामाची किल्ली शेठाणी मोहनबाईंच्या कमरेला असते. त्यांच्या लेकीच्या लग्नातही बँडवाले ऐन वेळी पंगतीला बसले होते, तेव्हा मला फार बोलावं लागलं नाही. त्यांनी झांजा मागून घेतल्या. अट एकच, चातुर्मास संपेपर्यंत चामड्याची वस्तू गोदामाच्या उंबऱ्याच्या आत राहायची नाही. आता ढोल काही पितळेचा नसतो. म्हणून ठरलं की पितळ आत वाजेल आणि चामडं बाहेर ओट्यावर. माझ्या वाट्याला कर्णा आला. (त्याला बँडवाले काहीतरी इंग्रजी नाव देतात. मी कर्णा म्हणते.) मी पहिली फुंकर मारली तेव्हा त्यातून उंदराचं अख्खं घरटं बाहेर पडलं. दुसरी मारली तेव्हा आबा काठी टेकत परसात आले नि ओरडले, "काय झालं वं? म्हैस अडली का काय?" त्यांच्या मागोमाग दोन गडी दोरखंड घेऊन हजर. म्हैस आरामात रवंथ करत होती. मी पदर डोक्यावर ओढला नि आबांच्या देखत तिसरी फुंकर मारली. आबा माझ्याकडे नि म्हशीकडे आळीपाळीनं बघत राहिले, मग म्हणाले, "हिच्यापरीस बरी वाजवते." तेव्हापासून घरातून विरोध नाही.

आणि फुंकण्याचं म्हणाल तर नाना, त्यात आम्हाला कुणी शिकवायची गरजच नव्हती. लग्न झाल्यापासून कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्यांवर फुंकणीनं फुंकतो आहोत. छाती भरून फुंकायचं, धूर डोळ्यात गेला तरी दम सोडायचा नाही, आणि वर मामंजींना चहा वेळेवर. तुमच्या त्या लाल कोटवाल्यांना एक चूल पेटवून दाखवा म्हणावं. नाकी नऊ येतील.

शिकवायला मूळचे सोनगीरचे हिलाल मास्तर येतात. जन्म बँडमध्ये गेला, आता दात गेल्यामुळे फुंकता येत नाही, पण तोंडानं सगळं वाजवून दाखवतात. आता गावातल्या बायका चारचौघांत गाल फुगवायला लाजतात, म्हणून मास्तरांनी प्रत्येकीला तिच्या घरी ओट्यावर बसून वेगवेगळं शिकवलं. त्यांचं सांगणं एकच, की सगळं ठेक्यात आहे: "ठेकामाच बठ्ठं शे, माय. ठेका हातमा बसना म्हंजे वाजा आपेआप वाजस. रोजना काममा धरा." आम्ही आज्ञाधारक. रोजच्या कामात धरला. मी ताक घुसळताना धरला. शेजारच्या इंदिराबाईंनी, ज्यांच्याकडे काठीनं वाजवायची पितळी थाळी आहे, मिरच्या कांडताना धरला. मोहनबाईंनी माळ जपताना धरला. महिनाभर प्रत्येकीनं आपापल्या घरात असा काही हात बसवला की ज्याचं नाव ते.

परवा मी म्हटलं, एकत्र तालमीआधी आम्ही तिघींनी गोदामात एकदा वाजवून बघावं. बघितलं. नाना, आपल्यापासून लपवत नाही, कारण ते धुळ्यापर्यंत ऐकू गेलं असणार. इंदिराबाई मिरच्या कांडाव्या तशा दणादण सुटल्या. (त्या मिरच्या नेहमी घाईनं कांडतात, ठसका लागायच्या आत संपवायच्या असतात.) मी लोणी यायची वाट बघत संथ चाललेली. आणि मोहनबाई एक अख्खा मंत्र मनात पुरा म्हणून मग एकदा झांज मारायच्या, तेही डोळे मिटून. इंदिराबाईंचं गाणं संपून त्या पदरानं घाम पुसत होत्या तेव्हा मी निम्म्यात होते, आणि मोहनबाईंची चौथी झांज यायची होती. बाहेर पारावरची मंडळी पोट धरधरून हसली. एक जण म्हणाला, "तीन लग्नं एकदमच लागली का वं?" इंदिराबाई रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, जाऊ दे कुंदे, नाही जमायचं. मी म्हटलं, का नाही? तिघींनाही ठेका पक्का येतो. फक्त तिघींचं काम वेगळं आहे.

मास्तर डोकं धरून बसले. म्हणाले, मोठा ढोल पाहिजे, असा की बाकीच्यांनी निमूट त्याच्यामागे जावं. ढोल ओट्यावर पडून होता, हात लावायला कुणी तयार नाही, कारण ओटा रस्त्यावर आणि रस्ता पारासमोर. तेव्हा आमच्यात बसून मघापासून गप्प ऐकणारी एक बाई उठली. (नाव लिहू नको असं तिनं बजावलं आहे. बाहेरगावची आहे.) हनुवटीपर्यंत पदर ओढला, ओट्यावर जाऊन बसली, आणि एक टोला दिला. मग दुसरा. पारावरचं हसणं थांबलं. आत मोहनबाईंनी डोळे उघडले, इंदिराबाईंचा हात आपोआप आवरला, आणि माझा कर्णा कधी त्या ठेक्यात जाऊन बसला मलाच कळलं नाही. पुरी एक ओळ आम्ही मिळून वाजवली. नंतर मी तिला विचारलं, बाई, हा ठेका कुठल्या कामाचा? कांडण्याचा की दळण्याचा? ती म्हणाली, "कुठल्याच कामाचा नाही. आजवर हात हलले ते कुणाच्या ना कुणाच्या कामासाठीच. हा नुसता माझा." नाना, मी तुमची बहीण, सहजासहजी गहिवरत नाही, पण गहिवरले.

तर असं आहे. उद्याच्या तालमीची तयारी झाली. गोदाम झाडून काढलं, पितळ चिंचेनं घासलं (ते काही शिकावं लागलं नाही), मास्तरांसाठी मऊ भात शिजवणार आहे. 'ताबडतोब बंद कर' ही आपली आज्ञा मी तीनदा वाचली, डोळ्यांना लावली आणि बाजूला ठेवली. थोरल्या भावाचा मान राखायचा असतो, तो मी राखते, पण मडक्यांचाही मान आहे. विमलच्या लग्नात धुळ्याचा बँड तुम्ही खुशाल बोलवा. वरातीला वाजवू दे. मडकी आणायला निघू तेव्हा त्यांना बसूनच राहू द्या, चहा पाजा, पंख्यानं वारा घाला. आम्हाला त्यांची गरज नाही. तुमच्याकडेही माझं काही मागणं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.

आपली आज्ञाधारक (वरील बाब सोडून),
कुंदा

ता. क. पापडांचं विचारायचं राहिलं असेल. पापड झालेले नाहीत. एकही नाही. उडदाची डाळ आणली होती तशीच डब्यात आहे. धुळ्याच्या बाजारात चांगले मिळतात म्हणे, तेवढे बघून ठेवावेत.

आणखी ता. क. पापड का झाले नाहीत ते आपण आत्तापर्यंत ओळखलं असेलच. आपण कोर्टातले. ती बाहेरगावची बाई म्हणजे आमच्या भागावहिनी. रागवायचं असेल तर पत्रानं रागवा, इकडे येऊ नका, कारण उद्यापासून रोज तालीम आहे. सिंधूच्या लग्नात मडकी आणताना माझ्या शेजारी कोण चालत होतं ते तुम्ही बघितलं नसेल. त्याच होत्या. तेव्हापासून ते त्यांच्या मनात आहे. तुम्हाला बोलल्या नाहीत, कारण तुम्ही विचारलं नाहीत.

अगदी शेवटचं ता. क. वहिनी शेजारीच बसल्या आहेत, त्यांनी सांगितलं म्हणून लिहिते. वर मी काही मागणं नाही असं लिहिलं, ते माझ्यापुरतं खरं. त्यांचं एक आहे. बसून वाजवणं निराळं, पण लग्नाच्या दिवशी चालत वाजवायचं, आणि ढोल फार जड आहे. पट्टा एकटीनं गळ्यात चढवता येत नाही, समोरून कुणीतरी उंच माणसानं उचलून धरावा लागतो. त्या म्हणतात, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. ऊन फार असेल. आपण मांडवात सावलीत बसलेले असाल. तेवढ्यापुरतं उठावं.