उलट्या बाजूची झीज

३ नोव्हेंबर
केशोरीला पोचले! बसमधून दोन्हीकडे धानाची कापणी दिसत होती. गावाआधी टेकडीवरची एकुलती पवनचक्की दिसली आणि मी शेजारणीला हौसेने सांगितलं, आजपासून ही माझी. तिने तोंड फिरवलं. कुसुमबाईंकडे खोली मिळालीय. जेवायला भात आणि झिंग्यांचा झणझणीत रस्सा. पवनचक्कीचा राखणदार हिरालाल अबोल आहे, पण चहा फक्कड करतो. इथला गिअरबॉक्स सारखा का बिघडतो, हे मला शोधायचंय.

५ नोव्हेंबर
वर चढले. पाती संथ फिरतात, जनरेटरला वेग लागतो. तो वाढवताना वाऱ्याचे सगळे हिसके गिअरबॉक्सचे दात सोसतात. झाकण उघडलं. दात झिजलेत, पण उलट्या बाजूने. वारा तर पाती एकाच दिशेला फिरवतो. उलटी कोण फिरवतं? हिरालालला विचारलं. तो म्हणाला, "काऊन उघडून पाहता, मॅडम? चालू राहू द्या." माझ्याआधीच्या उमेंद्र इंजिनिअरांचं विचारलं, तर उठूनच गेला.

७ नोव्हेंबर
ब्रेक लावून यंत्र बंद ठेवलं. पळसाचं पानही हलत नव्हतं. तरी दुपारी खालच्या केबिनमधल्या पडद्यावर गिअरबॉक्सवरच्या ताणाची रेघ चढली, उलट्या दिशेची. थांबली. परत चढली. दम खाऊन कुणी ढकलावं तशी. धावत गेले तर टॉवरचं दार उघडं. दुसरी किल्ली हिरालालकडेच असते.

८ नोव्हेंबर
कुसुमबाईंकडून कळलं. तिन्ही पाती जिथे जुळतात त्या पोकळ डोक्यात उमेंद्र दुरुस्तीला शिरले होते. आत माणूस असताना पाती फिरू नयेत म्हणून बाहेर जाडजूड लोखंडी पिन अडकवतात. ती कुणीतरी काढली, पाती फिरली आणि ते आतच मेले. कंपनीने दोष वाऱ्यावर ढकलला. वाऱ्याने पिन निघत नाही. त्या दिवशी तिथे कोण होतं, विचारलं. एकटा हिरालाल. "तुमी वर जाऊ नोका, बाई," एवढंच म्हणाल्या.

९ नोव्हेंबर
हिरालालकडून किल्ली काढून घेतली. तो म्हणाला, "त्याईले मी नाई मारलो. मी त खाली होतो. ते अजून आतून ढकलून राहिले, मॅडम."
मला पळवून लावायचा डाव. दुसरं काय.

१० नोव्हेंबर, सकाळ
वर जातेय. टॉवरचं दार आतून लावलं, कडी दोनदा ओढून पाहिली. आता तो येऊच शकत नाही.

नंतर
पिन मीच घातली. आत शिरले. मागे लोखंड घासल्याचा आवाज. पिन निघतेय — हिरालालच्या नावाने ओरडले. पुढच्या झरोक्यातून पाहिलं —
तो खाली आहे. बांधावर. दोन्ही हात हलवतोय.

आत शिरायचं झाकण बंद झालं. उघडत नाही. मोबाइलला रेंज नाही. म्हणून लिहितेय, कुणाला तरी —

फिरतंय. हळू. उलटं.

मी एकटी नाही. शेजारी कुणीतरी धापा टाकतंय. दोघं मिळून ढकलू म्हणतो. बाहेर पडू म्हणतो. खांदा लावला.
हललं झाकण. बोटभर —

बाहेरून परत दाबलं. कुणीतरी. जोरात.
शेजारचा म्हणतो, ओरडू नका, बाहेरच्याला ऐकू —