मेलेल्या दरोडेखोराचे हजार डॉलर

४ ऑक्टोबर १९२६

पोचलो एकदाचा! वॉलनट फोर्क हे गाव नकाशात शोधायला भिंग लागतं, पण मला काय त्याचं? राजधानीतल्या बड्या बँकेत दोन वर्षं दुसऱ्यांच्या दौती भरल्या. इथे माझी स्वतःची खिडकी आहे, पितळी जाळीची, आणि तिच्यावर 'लाइल प्रॅदर' अशी पाटी लागणार आहे. बँकेचे मालक होरेस टिंगली स्वतः मला घ्यायला स्टेशनवर आले होते. त्यांनी माझी ट्रंक उचलायला हात घातला तेव्हा मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

राहायला विधवा डिलबाईंकडे आहे. बाई पन्नाशीच्या, ठसठशीत, आणि हाताला चव अशी की सफरचंद भरून भाजलेल्या गोड 'पाय'चे तीन तुकडे मी नुसते हाणले. चौथ्याला नको म्हणालो तर शहरात उपाशी ठेवत होते का रे तुला, असं विचारून त्यांनी तोही वाढलाच. नवऱ्याच्या विम्याचा पैसान् पैसा आमच्या बँकेत आहे, तेव्हा तुझ्याशी गोड वागण्यावाचून मला गत्यंतर नाही, असंही हसत सांगून टाकलं. बाई मला फार आवडल्या.

६ ऑक्टोबर

आज मालकांनी मला कळ दाखवली. माझ्या खिडकीखाली, पायाशी, लोखंडी. दाबली की तारेनं तीन ठिकाणी घंटा वाजते: समोर ल्यूट गार्व्हर न्हाव्याच्या दुकानात, पलीकडे ऑगी बेकर लोहाराच्या भट्टीत आणि धान्याच्या कोठारावर. प्रत्येक घंटेखाली एकेक रायफल टांगलेली आहे, बँकेनंच घेऊन दिलेली. मोटारीतून येणाऱ्या दरोडेखोरांनी गेल्या वर्षी राज्यात नुसता उच्छाद मांडला होता, त्यावर हा उतारा. घंटा वाजल्यावर बँकेच्या दारातून पिशवी घेऊन जो बाहेर पडेल त्याच्यावर गोळी झाडायची. हाक नाही, विचारपूस नाही.

दारामागे बँकांच्या मंडळाचं भलं मोठं पत्रक लावलंय. मेलेल्या दरोडेखोराला हजार डॉलर बक्षीस, जिवंताला छदामही नाही. जिवंत धरला की वकील येतो आणि वकील आला की चोर सुटतो, असं मालकांचं म्हणणं.

दाढीला ल्यूटकडे गेलो. बारीक अंगाचा, तोंडाळ माणूस. म्हणाला, काय कारकूनसाहेब, पाय जरा सांभाळून हं! उगीच खाज सुटली म्हणून हलवलात तर पैसे काढून निघालेली पाद्र्याची बायको आम्ही गमावून बसू. सगळं दुकान खिदळलं. मीही हसलो, गालावर वस्तरा होता तरी.

१९ ऑक्टोबर

मक्याचा भाव पार बसलाय. कर्जं घेतलेल्यांची जमीन विकायला निघाली तर घेणारा कुत्रा नाही. मालक बाहेर सगळ्यांच्या पाठी थोपटतात आणि आत येऊन दार लावून बसतात. डिलबाईंनी जेवताना सहज विचारलं की बँक बरी आहे ना. मी म्हटलं, खडकासारखी. मला खरंच तसं वाटत होतं.

२६ ऑक्टोबर

बँक बुडाली.

उघडायच्या आधीच दारात गर्दी होती. मालकांनी पायरीवर उभं राहून आजपासून व्यवहार बंद असं सांगितलं आणि आत पळाले. मग काचा फुटल्या. ऑगी लोहार माझ्या जाळीवरून उडी मारून आत आला, मालकांना कॉलरला धरून ओढलं, त्यांचा उजवा हात तिजोरीच्या दारात घातला आणि दार लोटलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मालक ओरडत होते आणि ऑगी रडत होता. त्याच्या मुलीच्या ऑपरेशनचे पैसे होते म्हणे. बायका बाहेरून दगड आत फेकत होत्या. माझ्या तोंडावर कोणीतरी थुंकलं. अरे, मी काल आलेला माणूस, माझा काय गुन्हा?

डिलबाई आल्या नव्हत्या. घरी गेलो तर चुलीसमोर बसल्या होत्या. मला वाढलं मात्र.

३० ऑक्टोबर

सरकारी माणूस येऊन तिजोरीला सील ठोकून गेला. वर्षअखेरपर्यंत हिशेब लावायला मला इथेच राहायचंय. नोकरी करतोय खरा, पण बुडालेल्या बँकेत! मालक आपल्या शेतावरच्या घरात जाऊन बसलेत. लोक मला बघून रस्ता बदलतात, आणि रोज बँकेत मी एकटाच असतो. पाय सारखा कळेजवळ असतो.

१२ नोव्हेंबर

माझ्या हातून माणूस मेला. हातून कसला, पायातून.

दुपारची वेळ. दार ढकलून एकजण आत आला. थंडीमुळे नाकातोंडावर मफलर, एका हातात गोणपाटाची पिशवी आणि दुसऱ्या तळव्याला चमकणारा लोखंडी आकडा. कणसं सोलणारे मजूर हातात घालतात तोच आकडा, पण मला त्या क्षणी तो आकडा दिसला नाही, हत्यार दिसलं. कळ दाबली गेली. इथे आत घंटा नाही; रस्त्यापलीकडून पुसट खणखण आली, ती त्याच्या लक्षातही आली नाही. त्यानं विचारलं की मजुरीचा चेक वटवून मिळेल का. मी म्हटलं, बँक बंद आहे. त्यानं एक शिवी हासडली आणि वळला. थांब म्हणायला हवं होतं. मी जाळीची कड धरून बसून राहिलो, आणि तो पिशवी घेऊन बाहेर पडला.

तिन्ही बाजूंनी गोळ्या आल्या. गुडघ्यावर बसला, मग आडवा. मी धावत गेलो तर श्वास चालू होता, पोटावर हात दाबून तो आईला हाका मारत होता. मी ओरडलो, डॉक्टरला बोलवा, हा मजूर आहे! पिशवीत दोन सदरे, अर्धा पाव आणि एक माऊथ ऑर्गन.

ल्यूटनं ते सामान पाहिलं. मग दारामागच्या पत्रकाकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाला की जिवंताचं काही मिळत नाही बाबा, आणि त्याच्या कानामागे नळी टेकवून चाप ओढला. माझ्या बुटांवर सगळं उडालं.

१५ नोव्हेंबर

मंडळाचा माणूस आला. मी शपथेवर सांगितलं की त्यानं आकडा उगारून पैसे मागितले. काय करणार होतो? खरं सांगितलं असतं तर घंटा मी विनाकारण वाजवली हेही आलंच असतं. ऑगी आणि ल्यूट खुर्चीमागे उभे होते.

२५ नोव्हेंबर

चर्चच्या तळघरात सुगीच्या सणाचं जेवण. टर्की, भोपळ्याचा गोड 'पाय', सगळं. हजार डॉलर आले आणि ज्यांचे बुडाले होते त्यांच्यात वाटले. ऑगीची मुलगी शहरात ऑपरेशनला गेली. डिलबाईंनाही वाटा मिळाला. आज महिन्याभरानं लोक हसताना पाहिले, आणि मला बघून तर उठून टाळ्या! ल्यूटनं माझ्या उजव्या पायाच्या नावानं प्याला उचलला. मी ताट बाजूला सारलं.

निघताना ल्यूट माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला की मंडळाची वर्गणी टिंगलीनं वर्षअखेरपर्यंत भरलीय, तोवर बक्षीस चालू बरं का. तेवढी एक गोष्ट त्या हरामखोरानं नीट केली. मी अर्थ विचारला. तो म्हणाला, अर्थ कसला त्यात, अजून पाच आठवडे आहेत.

६ डिसेंबर

मालकांना त्यांनी मारलं.

सरकारी माणसानं परवानगी दिलीय, तुमचं खासगी सामान घेऊन जा, असा निरोप त्यांना कोणीतरी पाठवला होता. ते आले तेव्हा मला आश्चर्यच वाटलं. मोडका हात गळ्यातल्या झोळीत. बायकोचा फोटो, चष्मा, फरचा कोट असं एका पिशवीत भरलं. मला म्हणाले, पोरा, तुला मी फसवलं, माफ कर. आणि समोर ल्यूटच्या दुकानात घंटा वाजली. माझे दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीवर होते. मी कळेला शिवलोसुद्धा नव्हतो!

जाऊ नका म्हणून किंचाळलो. ते दारात पोचले होते.

पहिल्या गोळीनं जबडा गेला. ते परत आत यायला सरपटत होते, डाव्या हातानं उंबरा धरून. ऑगीनं त्यांचे पाय धरून मागे ओढलं. बायकामुलं पदपथावर उभी होती. कोणी तोंड फिरवलं नाही. पाद्र्याच्या बायकोनंसुद्धा.

८ डिसेंबर

पुन्हा शपथ घेतली. सकाळी ल्यूटनं मला दाढीला बोलावलं आणि गळ्यावर वस्तरा ठेवून अगदी प्रेमानं विचारलं की कारकूनसाहेब, मालक पैसे घेऊन पळत होते ना. हो म्हटलं. मी भेकड आहे.

१३ डिसेंबर

डिलबाईंना विचारलं, तुम्हीही होता ना तिथे? म्हणाल्या, टिंगलीबद्दल माझ्याकडे दया मागू नकोस. मग माझ्या ताटात लोणी घातलं.

१७ डिसेंबर

आज हिय्या केला. ल्यूटला सरळ सांगितलं की तिसऱ्यांदा मी खोटं बोलणार नाही, हवं तर मारून टाका. तो हसला. म्हणाला, कशाला उगीच जिवाला घोर लावून घेतोस? या वेळी तुझ्या साक्षीची गरजच नाही.

२० डिसेंबर

बँकेचं मागचं दार बाहेरून फळ्या ठोकून बंद केलंय. चोर येतात म्हणे! ऑगीनं ठोकलं. माझ्याकडे न बघता.

२२ डिसेंबर

स्टेशनवर तिकीट मागितलं. स्टेशनमास्तर म्हणाला, नव्या वर्षापर्यंत जागा नाही. आख्खी गाडी रिकामी जाते, मी रोज बघतो. पायी निघालो तर गावाबाहेर ऑगीचा भाऊ गाडी आडवी घालून — बर्फ फार आहे, मरशील, म्हणाला. परत आणून सोडलं. हसत.

तार? तारही तो स्टेशनमास्तरच पाठवतो.

२६ डिसेंबर

मला बघून लोक पुन्हा रस्ता बदलतात. आज ऑगीची मुलगी — बरी होऊन आलीय — माझ्याकडे टक लावून बघत होती. तिच्या आईनं तिला आत ओढलं. मेलेल्याच्या दारावरून जाताना ओढावं तसं.

२९ डिसेंबर

देवा! डिलबाईंनी तिकीट आणलं! स्टेशनमास्तर त्यांचा मावसभाऊ, त्याच्यापाशी रडल्या म्हणे. ३१ ची दुपारची गाडी. मी त्यांच्या एप्रनमध्ये तोंड खुपसून रडलो. वेडा आहेस, म्हणाल्या, पोटच्या पोरासारखं जेवू घातलं तुला, मी काय असा मरू देईन?

ट्रंक न्यायची नाही, ल्यूटला संशय येईल. त्या छोटी पिशवी भरून देतील. आणि जाताना बँकेच्या किल्ल्या तिथल्या टेबलावर ठेवून जायचं, नाहीतर उद्या चोर ठरशील, म्हणाल्या. बरोबर आहे. बाई सगळ्याचा विचार करतात.

३१ डिसेंबर

बँकेत आहे. किल्ल्या ठेवल्या. पिशवी —

पिशवी बँकेची आहे. कॅनव्हासची, नाण्यांची. नाव छापलेली बाजू त्यांनी आत वळवून — माझे सदरे, वर सफरचंदाच्या 'पाय'चा तुकडा कागदात — मी ही हातात घेऊन आख्ख्या रस्त्यानं चालत आलो —

रस्ता रिकामा आहे. भर दुपारी. ल्यूटच्या खुर्चीत कोणी नाही.

घंटा.

मी हात लावला नाही मी पाय लावला नाही —

मागच्या दाराला खांदा मारला. फळ्या हलत नाहीत. टेबलाखाली बसून लिहितोय. कोणी वाचेल. वाचणाऱ्या, मी दरोडेखोर नाही. तो मजूरही नव्हता. मालकही नव्हते. मी खोटी शपथ घेतली दोन्ही वेळा

डिलबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या आहेत. हाक मारतायत. ये रे पोरा, गाडी चुकेल.

नाही जाणार. पिशवी आतच ठेवतो. पिशवी हातात नसेल तर दरोडा नाही, बक्षीस नाही — रिकाम्या हातांनी, वर करून — नियमच आहे तो त्यांचा — ओरडून सांगितलं त्यांना —

गप्प झाले सगळे. ऐकलं त्यांनी. ऐकलं!

काच फुटली. ल्यूट आत. बूट दिसतायत. ऑगीचेही. ल्यूट म्हणतोय, पिशवीचं काय, ती हातात नंतर पण देता येते.

डिलबाई दारात. तोंडावर नको मारू रे, म्हणतायत, चांगला पोरगा आहे, तोंडावर न