‘ओव्हर’ म्हणून मिळणेबाबत

प्रति,
मा. बालकल्याण अधिकारी,
नगर परिषद कार्यालय, दुसरा मजला.

विषय : उन्हाळी दिवस-शिबिरात ‘स्टॅच्यू’ करून ठेवलेल्या मुलीस संबंधित शिक्षकाकडून मोकळे करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) शिबिराबाबतचा आपला तपासणी अहवाल. २) अर्जदाराच्या तक्रारीस आपले उत्तर.

महोदय,

१. संदर्भीय अहवालात आपण नमूद केले आहे की, "शिबिराच्या संपूर्ण कालावधीत एकही मूल देखरेखीविना राहिले नाही. सर्व मुले उपक्रमांत रममाण होती." अर्जदाराची हयात तर्कशास्त्र शिकवण्यात गेली; त्यामुळे कोणतेही विधान सर्वस्वी खोटे ठरवण्याची तिला घाई नसते. त्यात खरे किती, ते आधी पाहावे. देखरेख होती, क्रीडाशिक्षकांची. त्यांना मुले शिट्टीदादा म्हणतात. उपक्रमही होता, स्टॅच्यूचा. आणि अर्जदाराची सात वर्षांची नात त्या उपक्रमात इतकी रममाण झाली की ती अद्याप त्यातून बाहेर आलेली नाही.

२. शिबिराच्या पत्रकात मातीकाम, कठपुतळ्या आणि पोहणे असे छापले होते. माती पहिल्याच आठवड्यात वाळून दगड झाली. कठपुतळ्यांच्या दोऱ्यांचा गुंता अखेरपर्यंत सुटला नाही. पोहण्याच्या तासाला मुलांना तलावाच्या कुंपणाबाहेर उभे करून पोहण्याचे फायदे सांगण्यात आले. मैदानावरचा नळ, चिखल होतो म्हणून, बंद. उरला एकच खेळ. शिट्टीदादा शिट्टी फुंकून "स्टॅच्यू!" म्हणत, मुले असतील तशी थिजत, आणि ते "ओव्हर" म्हणेपर्यंत हलायचे नाही, बोलायचे नाही. जो थांबवतो त्यानेच सोडायचे, हा नियम. चार गटांमागे एकच शिक्षक नेमल्यावर याहून सोयीची व्यवस्था कोणती? थिजलेले मूल पडत नाही, भांडत नाही, पाणी मागत नाही.

३. अर्जदाराच्या नातीला घरी टकळी म्हणतात. सकाळी तिचे डोळे उघडण्याआधी तोंड उघडते. आईवडील दोघेही पाळीच्या नोकरीत, अर्जदाराचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून शिबिर. शेवटच्या दिवशी तिला आणायला अर्जदार मैदानावर पोहोचली तेव्हा बाकीची मुले सभागृहात समारोपाचे गाणे म्हणत होती, आणि टकळी भर उन्हात, एक पाय पुढे, उजवा हात वर, अशी एकटी उभी होती. झाडाची सावली तिला सोडून केव्हाच पलीकडे सरकली होती. अर्धा चेहरा भाजून लाल झाला होता. अर्जदाराने हाक मारली. ओठ न हलवता ती म्हणाली, "आजी, माझ्याशी बोलू नकोस ना. मी आऊट होईन." हे तिचे आजवरचे शेवटचे वाक्य.

४. तिला उचलून घरी आणावे लागले. आता ती बसवले की बसते, निजवले की निजते, भरवले तर गिळते. आपणहून काही करत नाही. नाकावर माशी बसली तरी हाकलत नाही. उजवा हात खाली करावा, तर आपली पाठ वळताच तो पुन्हा वर जातो. घरातल्या प्रत्येकाने "ओव्हर" म्हणून पाहिले. आईने आधी लाडाने म्हटले, मग रडत म्हटले. वडिलांनी बाजारातून शिट्टी आणली, शिट्टीदादांसारखी टोपी उलटी घातली आणि आवाज बदलून म्हटले. लेकीने त्यांच्याकडे अशा काही दयेने पाहिले की ते टोपी काढून स्वयंपाकघरात जाऊन बसले. मुलांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोक्यात काही बिघडलेलं नाही हो पोरीच्या. शब्दाला पक्की आहे, एवढंच. ज्यानं थांबवलंय त्यालाच आणा, आजी, आणि लवकर आणा. पाणी फार कमी जातंय पोटात. असंच राहिलं तर सलाईन लावावं लागेल."

५. यावर आपले उत्तर असे. (अ) शिबिर समाप्त झाल्याने त्यातील सर्व उपक्रम आपोआप समाप्त झाले असे समजावे. अर्जदाराने हे टकळीला मोठ्याने वाचून दाखवले. हात वरच राहिला. (आ) शिट्टीदादांची नेमणूक शिबिरापुरती होती, सबब त्यांना आता कोणास मोकळे करण्याचा अधिकार उरत नाही. म्हणजे थांबवणे नोकरीत बसत होते, सोडणे बसत नाही. (इ) आता "ओव्हर" म्हटल्यास उपक्रम अपुरा राहिला होता असे मान्य केल्यासारखे होईल, व ते अहवालाशी विसंगत ठरेल. या तिसऱ्या मुद्द्याला अर्जदाराने वर्गात पैकीच्या पैकी गुण दिले असते. एका शब्दाने अहवाल खोटा पडतो, म्हणून तो शब्द उच्चारायचा नाही. शब्द नाही म्हणून मूल हलत नाही. आणि मूल हलत नाही म्हणून अहवालातले "मैदानावरील एक मुलगी शिस्तीचा आदर्श आढळली" हे वाक्य दिवसेंदिवस अधिकच खरे होत चालले आहे. ती मुलगी टकळीच. तिच्या शेजारी उभे राहून आपण काढून घेतलेले छायाचित्र कार्यालयाच्या जिन्यात लावले आहे. गुडघे धरत वर चढणाऱ्या अर्जदाराला प्रत्येक खेपेस त्याच्यासमोरूनच यावे लागते. त्यातही तिचा हात वर आहे.

६. महोदय, इथवरचा उपरोध अर्जदार मागे घेत आहे. तो तिला परवडणारा नाही. तक्रारही मागे घेत आहे. शिबिर उत्तम होते, माती मऊ होती, नळाला पाणी होते, असे आपण सांगाल त्या शब्दांत ती लिहून देईल. शिट्टीदादांनी उच्चारलेला शब्द ती कोणत्याही चौकशीत वापरणार नाही. त्यांना शिक्षक म्हणून यायचे नसेल तर पाहुणे म्हणून यावे. आत यायचे नसेल तर दाराबाहेरूनच म्हणावे, टकळीचे कान शाबूत आहेत. आपण त्यांना "हरकत नाही" एवढेच सांगावे. अर्जदार जन्मभर विद्यार्थ्यांना बजावत आली की काही झाले तरी सत्य सोडू नका. नात सुटणार असेल तर ते सोडायला ती आज तयार आहे.

आपल्या एका होकाराकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
टकळीची आजी

दिनांक : शिबिर संपून आठवडा उलटला तो दिवस.

सोबत :
१) डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी.
२) शिबिराचे प्रशस्तिपत्र, खाली अर्जदाराची सही, मजकुराची जागा आपल्यासाठी कोरी.
३) काल संध्याकाळी शिट्टीदादा दारापर्यंत आले, पण उंबरठा ओलांडेनात. तिथे उभे राहून ते जे बोलले ते, पुरावा म्हणून नव्हे, तर शब्द कोणापाशी अडकला आहे हे आपल्याला कळावे म्हणून, जसेच्या तसे :

"मला आत बोलवू नका, आजी. तिला बघितलं तर तोंडातून निघून जाईल, आणि साहेबांनी बजावलंय, एक शब्द बोललास तर पुढच्या शिबिरात दिसणार नाहीस. स्टॅच्यू मीच म्हटलं होतं. तेवढ्यात साहेब तपासणीला आले. तिला बघून खूश झाले, म्हणाले, राहू दे तसंच, फोटो काढू. मग त्यांच्या मागे मागे मी सभागृहात गेलो आणि सोडायचं राहूनच गेलं. पण ते रोजच राहतं हो. मी पाठ फिरवली की पोरं आपली आपण हलतात. सगळी हलतात, म्हणून तर मी निवांत जातो. ही एकटी हलली नाही."