बारा डब्यांची हजेरी

१६ ऑगस्ट २०१६, लातूर
मुदखेडहून सकाळीच पोचलो. पंचाक्षरी सर चालवतात त्या मुलींच्या वसतिगृहात तीन महिन्यांचं काम, राहायला खोली, स्वयंपाकाच्या सुमनबाईंच्या हातची भाकरी; शिवाय माझी धाकटी बहीण रुखसार इथेच तिसऱ्या मजल्यावर ‘नीट’ परीक्षेच्या अभ्यासाला. वकारमियाँ, चांदी आहे तुमची! काम सोपं आहे. भूकंप ओळखणाऱ्या बारा स्वस्त बिनतारी डब्या खांबांना बसवायच्या. दर दहा मिनिटांनी प्रत्येक डबी परवलीचा शब्द सांगून ‘ठीक’ अशी हजेरी देते. हजेरी देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त ‘हादरा’ म्हणाल्या तरच भोंगा वाजतो. नाहीतर पोरींच्या उड्यांनीही वाजायचा.

१८ ऑगस्ट
डब्या बसल्या. खरं तर प्रत्येकीला वेगळा परवलीचा शब्द द्यायचा असतो. मी बाराही जणींना एकच दिला. बॅटरी वाचते, मेहनतही. इथे चोरून ऐकणार कोण? पोरी खोड्या काढतील म्हणून हाताने भोंगा वाजवायची कळही काढून टाकली.
सुमनबाई माझ्या यंत्रांना हसल्या. त्यांचं यंत्र स्वयंपाकघरात आहे, पालथ्या पेल्यावर उभा केलेला तांब्या. त्र्याण्णवच्या भूकंपापासूनची सवय. तांब्या पडला की बाहेर पळायचं.

२२ ऑगस्ट
आज तेरा हजेऱ्या आल्या. परवलीचा शब्द बरोबर. मीच मोजायला चुकलो असेन म्हणून खांबाखांबाला हात लावून आलो. डब्या बाराच आहेत.

२४ ऑगस्ट
एकोणीस. जास्तीच्या हजेऱ्या कुठून येतात ते बघायला रिसीव्हर घेऊन फिरलो. जिन्याखाली सगळ्यात जोर. फरशीला टेकवला तर आणखी. खालून येतंय.
सर म्हणाले, बोभाटा करू नकोस, पालक पोरी घेऊन जातील. मला भीती वाटते आहे.

२६ ऑगस्ट
या जागेत आधी काय होतं, ते सुमनबाईंना विचारलं. मोठा खड्डा होता. भूकंपात पडलेल्या एका गावाचा ढिगारा आणून बुजवला. त्यांच्याच गावाचा. भाकरी थापता थापता म्हणाल्या, “आदी लई दिवस बारके धक्के बसून राहिले होते, बाबा. सासूबाई समद्यांच्या पाठीवर थोपटायच्या. म्हनायच्या, ठीक हाय, झोपा. घर झोपलं ते झोपलंच.” सुमनबाई एकट्याच माहेरी होत्या, म्हणून वाचल्या.

२७ ऑगस्ट
परवलीचा शब्द बदलला. दहा मिनिटं बाराच हजेऱ्या — मग एकेचाळीस. सगळ्यांना नवा शब्द माहीत. एकीचा कळला की सगळ्यांचा कळतो — माझीच करणी.
उद्या खरंच जमीन हलली तर बारा विरुद्ध एकोणतीस. भोंगा वाजणारच नाही.
रुखसारला म्हणालो, आजच घरी चल. ती म्हणाली, उद्या टेस्ट आहे, सोमवारी बघू.

२८ ऑगस्ट, रविवार
दुपारी २.४० — टेस्ट सुरू. तीनशे पोरी तिसऱ्या मजल्यावर. आता प्रत्येक डबीला वेगळा शब्द देतोय, झाली की इथे नोंद. पहिली झाली.
२.५१ — दुसरी.
३.०२ — तिसरी. नऊ बाकी. हजेऱ्या शंभरावर —
३.१० — तांब्या पडला. सुमनबाई ओरडत बाहेर —
माझ्या बारा — हादरा. बाकी सगळ्या — ठीक. ठीक. ठीक. भोंगा गप्प. कळ मीच काढली —
रुखसार वर आहे. उठतो —
उठता येत नाही — पाठीवर कुणाचा तरी हात — हळूहळू थोपटतंय —
ठीक हाय, झो