मागच्या चाकाचा दगड

प्रिय बाळासो,

बारा वर्षं तू आमची पिकअप चालवलीस, पण तुला 'प्रिय' म्हणायला मला आज सुचतंय. हसलास तर हस. माझ्या विनोदांवर अख्खी गल्ली हसते. तू मात्र खंडेनवमीपासून हसलेला नाहीस, आणि तेही माझ्याच एका विनोदामुळं.

तर पहिली बातमी: हँडब्रेक दुरुस्त झाला. तू दीड वर्ष सांगत होतास, "मालक, दांडा पार वर येतोय, तरी गाडी धरत न्हाय." आणि मी दीड वर्ष म्हणत होतो, "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू." शेवटी तूच कुठनं तरी एक काळा दगड आणून सीटखाली ठेवलास. गाडी थांबली की उतरायचं, वाकायचं, मागच्या चाकाखाली तो सारायचा. पाऊस असो, ऊन असो. मी पाहुण्यांना ऐटीत सांगायचो, आमच्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक कंपनीचा आणि एक बाळासोचा. त्यातला चालू कुठला, ते सांगत नव्हतो.

काल केरबा मिस्त्रीनं मागचे ड्रम उघडले. लायनर घासून पापड झालेले, वायर ताणून सैल पडलेली. म्हणाला, "अर्ध्या दिवसाचं काम हाय की ओ! एवढ्यासाठी आक्कांचा पाय मोडून घेतलासा?" मी घासाघीस न करता तिथंच पैसे मोजले. माझ्या बाबतीत ही बातमीच समज.

आक्का आता काठी घेऊन अंगणात फिरते. रोज विचारते, "बाळासो का रे येत नाही?" मी सांगायचो, लाजत असेल बिचारा. बघ, लाजसुद्धा तुझ्याच नावावर ढकलली.

खंडेनवमीला तू गाडी धुतलीस, दारातल्या उतारावर लावलीस, दगड सारलास, किल्ली माझ्या हातात दिलीस आणि दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाच्या तयारीला विहारात गेलास. तासाभरात गाडी मागं घरंगळली आणि आरतीचं ताट घेऊन उभी असलेली आक्का खाली पडली. तू धावत आलास. आक्काला दवाखान्यात पोचवून आल्यावर भर गल्लीत मी म्हणालो, "ह्याचा दगड चाकाखाली न्हाय, डोक्यात हाय!" लोक हसले. तू एकदाच म्हणालास, "दगड लावल्याला, मालक." दुसऱ्यांदा म्हणाला नाहीस. माझं वाक्य संध्याकाळपर्यंत टेम्पो स्टँडवर पोचलं, आणि तेव्हापासून तुला 'बिनदगडाचा बाळासो' म्हणतात. कुणी गाडी हातात देत नाही. जे चादरींचे गठ्ठे तू इचलकरंजीहून गाडीतून आणायचास, तेच आता तिथं पाठीवर वाहतोस, असं कळलं.

दुरुस्तीनंतर केरबानं गाडी त्याच उतारावर लावली, दांडा ओढला. पाचव्या 'टक्'लाच गाडी घट्ट. म्हणाला, "पावणं, जरा मागं उभं ऱ्हावा, खात्री करून घ्या." तू रोज वाकायचास त्या जागी मला क्षणभरही उभं राहवेना. कारण दगड तू लावला होतास, बाळासो. सगळे आत ताट सजवत होते, तेव्हा पूजेच्या फोटोत बरा दिसेना म्हणून मी तो काढला आणि तुळशीच्या कुंडीमागं सारला. त्या जागी लिंबू ठेवलं. एवढ्या गाडीला एक लिंबू! मग मुहूर्त म्हणून गाडी चालू केली, न्यूट्रलला टाकली, दांडा ओढला आणि फोटोसाठी उतरलो. हे आज सकाळी आक्काला सांगितलं. वाटलं, काठी उगारेल. तिनं ती भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "मला काय सांगतोस? त्याला लिही, आणि मग स्टँडवर जा." म्हणून हे पत्र. रविवारी सकाळी दहा वाजता तो दगड घेऊन मी टेम्पो स्टँडवर उभा असेन. तू ये, नाहीतर नको येऊस. मी सांगणार आहेच. गाडीची किल्ली खिशात असेल, ती घ्यायची की नाही ते तू ठरव. निघताना आक्का पुन्हा बजावणार आहे, आताच बजावून झालंय: "त्या दिवशी गल्लीत बोललास ना, तेवढ्याच मोठ्यांदा बोल."

तुझाच,
यज्ञेश्वर