साडूच्या हातातला दोर

ती. आईंना,

थोरल्या जावयाचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात आता इतकं वाकता येत नाही, कंबर धरली आहे, पण पत्रात पूर्ण वाकलो आहे असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? गोळ्या घेताय की उशीखाली जमा करताय? इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत म्हणून लिहितो. खरं तर काहीही ठीक नाही.

कारण तुमचा धाकटा जावई. तो आणि मी एकमेकांशी बोलत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, भांडण तुमच्याच स्वयंपाकघरात झालं. त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, की झाडावर चढायचा पट्टा मला आता शेवटच्या भोकात बसतो आणि खालून बघताना त्याला झाडाची काळजी वाटते. त्यावर मी म्हणालो, खाली उभं राहून दोर धरायला माणूस कशाला लागतो, खुंटाही चालतो. तुम्ही हसलात. (तोंड फिरवून, पण हसलात. कोणाच्या बोलण्यावर, यावर आमचं दोघांचं अजून एकमत नाही.)

आता आमचा धंदा असा, की त्यात नवराबायको न बोलता संसार करतील, पण आम्ही नाही. मी वर, तो खाली. मी फांदी दोराला बांधणार, दोर वरच्या बेचक्यातून खाली सोडणार, त्याचं दुसरं टोक बुंध्याला वेढे देऊन त्याच्या हातात. मी कापणार, तो हळूहळू सैल सोडत फांदी जमिनीवर उतरवणार. आधी मी वरून 'कापतोय' म्हणून ओरडायचं, त्यानं खालून 'काप' म्हणायचं, आणि तो शब्द कानावर आल्याशिवाय करवतीचं मशीन चालू करायचं नाही. अबोला धरल्यावर आम्ही मार्ग काढला. मी बुंध्यावर टकटक करतो, तो खोकतो. (मध्ये एकदा त्याला खरोखरच सर्दी झाली. तो दिवस मी वर देवाचं नाव घेत काढला.)

गेल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे काम होतं. मागच्या अंगणात भलंमोठं झाड, आणि त्याची एक आतून पोकळ झालेली जाडजूड फांदी थेट काचेच्या खोलीवर. खोलीत कुंड्या, वेताची खुर्ची आणि खुर्चीत स्वतः बाई. काम चालू असताना तिथं बसू नका, असं आधी सांगायचं असतं. मला वाटलं तो सांगेल, त्याला वाटलं मी. मी हेल्मेट, तोंडावर जाळी, आत धागे भरलेली जाड विजार (करवत लागलीच तर धागे साखळीत गुंततात आणि पाय वाचतो, उन्हात मात्र उकडून निघतो) असा सगळा जामानिमा करून वर गेलो. फांदी बांधली. टकटक केलं. खोकला आला. खालून थोडासा काप घ्यायचा आणि मग वरून कापायचं, ही रीत. पण नेमकं माझं लक्ष खुर्चीतल्या बाईंकडे गेलं, काप जास्त खोल गेला, फांदी खाली बसली आणि करवत कापात गच्च अडकली. करवत पट्ट्यानं माझ्या कमरेला. म्हणजे मीही अडकलो.

उपाय सोपा. खालून दोर ओढला की फांदी जरा उचलली जाते आणि करवत सुटते. एका शब्दाचं काम: ओढ. टकटकीत 'ओढ' कसं म्हणायचं हे ठरलेलं नव्हतं, आणि तोंडानं म्हणायला माझी जीभ रेटेना. शेवटी खिशातून फोन काढला आणि तुमच्या थोरलीला लावला. ती शिवणाच्या मशीनवर होती. तिनं धाकटीला फोन केला. धाकटीचा मिक्सर चालू होता. धाकटीनं नवऱ्याला केला, जो माझ्याच पायाखाली, मशीनचा आवाज नको म्हणून कानांवर टोप्या घालून उभा होता. खिशात फोन थरथरला तशी त्यानं टोपी सरकवली, फोन कानाला लावला. 'ओढ' म्हणून निघालेला शब्द त्याच्यापर्यंत 'सोड' होऊन पोचला.

आई, मी वरून त्याचा चेहरा बघितला. त्यानं दोराकडे बघितलं, काचेच्या खोलीकडे बघितलं, मग मान वर केली आणि अबोला मोडला. "सोड काय? खाली बाई बसलीय! कुठल्या गाढवानं सांगितलं?" मी उत्तर देणार (गाढव कोण, हे जरा सविस्तर सांगावं लागलं असतं), तेवढ्यात वारा आला आणि फांदी कडाडकन आपणहून मोडली.

करवतीचा पट्टा जास्त ताण आला की तुटावा असाच केलेला असतो. तो तुटला, नाहीतर हे पत्र तुम्हाला थोरलीनं लिहिलं असतं. करवतीसकट फांदी गेली, दोर सणसणला, धाकटा बुंध्यावर जाऊन आपटला, पण त्यानं दोर सोडला नाही. फांदी काचेच्या छपरापासून वीतभर अंतरावर थांबली आणि हेलकावे खायला लागली. बाईंनी वर बघून हात हलवला. (त्यांना ते आमचं कसब वाटलं. मैत्रिणीला आमचा नंबरही दिलाय.)

फांदी त्यानं बाजूला उतरवली. मला मात्र उतरता येईना. इतकी वर्षं झाडांवर काढली, असं कधी झालं नव्हतं. बुंध्याला मिठी मारून बसलो. वाटलं, आता हा पट्ट्याच्या शेवटच्या भोकाचं काढणार. पण तो हळू आवाजात, लहान मुलाला जिन्यावरून उतरवतात तसा बोलायला लागला. "डावा पाय खाली घे. आता दोरावर बस. बस रे, मी धरलाय. आता उजवा." असं करत करत मला जमिनीपर्यंत आणलं. पाणी दिलं. त्यानं हातमोजे काढले तर तळहात सोललेले. ते विजारीला पुसले आणि दोर गुंडाळायला लागला. मी फांद्यांचा भुगा करायचं यंत्र चालू केलं. त्याच्या आवाजात कुणाला काही बोलताच येत नाही, तेवढं बरं असतं.

संध्याकाळी थोरलीनं सांगितलं, धाकट्यानं रोपवाटिकेत नोकरी धरली आहे. पुढच्या महिन्यापासून कुंड्या भरणार. ढोपरापर्यंतसुद्धा न येणारी रोपं!

काल एक नवा माणूस बघितला. दणकट, हसतमुख, 'काप' असा ओरडतो की पाखरं उडतात. मी चढलो, फांदी बांधली, मशीन हातात घेतलं, खाली बघितलं आणि उतरलो. गिऱ्हाइकाला सांगितलं, झाड निरोगी आहे, राहू द्या. (पार वाळलेलं होतं.) थोरली म्हणते, आता दुकान टाका. कसलं, ते तिलाही सांगता येत नाही. मला तर पुढचं काहीच दिसत नाही.

असो. जिना सावकाश चढा.

तुमचा
थोरला जावई

ता. क. पत्र गुडघ्याच्या चौकशीसाठी नव्हतं. धाकटा तुमचं ऐकतो. रोपवाटिकेत जाऊ नकोस म्हणून त्याला सांगा. तुमच्याच मनात आलं असं दाखवा. माझं नाव अजिबात घेऊ नका.

पुन्हा ता. क. नाव घेतलंत तरी चालेल. सांगा, तो खाली नसला की मला वर जाता येत नाही.