झाडाखालचे नऊ इंच

रविवार, ९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (आशीर्वाद सवयीने लिहिले आहेत, मनापासून नाहीत.)

शनिवार दि. ८ नोव्हेंबर रोजी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी वाचनालयाच्या ग्रंथपालांनी पडदा सरकवला, आणि तू काय करून ठेवलं आहेस ते सगळ्या सभासदांबरोबरच मलाही कळलं. अकरा महिने मी जेवणाच्या टेबलावर ओणवी होऊन एक झाड काढलं. सख्खा भाऊ चौकटी बनवतो म्हणून विश्वासाने तुझ्या दुकानात दिलं. तू त्याचे खालचे नऊ इंच कापलेस! आता ते झाड हवेत उभं आहे. एका गृहस्थांनी तो नळांचा नकाशा समजून वरच्या मजल्यावर पाणी का चढत नाही, असं मला विचारलं.

झाड कशाचं, हे तू विचारलं नव्हतंस, म्हणून आता सांगते. लॅटिनमध्ये एक शब्द आहे, मागिस्तेर. ‘मागिस’ म्हणजे अधिक. जो इतरांहून अधिक, तो मागिस्तेर. शिकवणारा, हुकूम सोडणारा. रोमचं राज्य गेलं, शब्द राहिला, आणि युरोपात जो तो आपल्या जिभेप्रमाणे त्याला वळवत गेला. फ्रेंचांकडे तो मेत्र् होऊन वकिलाच्या नावाआधी बसला. इटलीत माएस्त्रो होऊन वाजवणाऱ्यांना धाक दाखवू लागला. स्पेनमध्ये पोरांना शिकवतो आणि भिंतीही बांधतो. जर्मनांनी परीक्षा पास झालेल्या कारागिरालाच मायस्टर म्हणायचं ठरवलं. इंग्रजांनी त्याचा मास्टर केला आणि मग इतका झिजवला की मिस्टर म्हणून तो कुठल्याही ऐऱ्यागैऱ्याला चिकटतो. दक्षिण फ्रान्समध्ये तर एका बोचऱ्या वाऱ्याला मिस्त्राल म्हणतात, कारण बाकीच्या वाऱ्यांवर त्याची मास्तरकी चालते.

हे सगळं वरच्या फांद्यांवर आहे. तू कापलेल्या पट्टीवर तो मूळ शब्द होता, लाल शाईत. आणि मदरना झाड अर्पण केल्याची ओळ होती. कॉन्व्हेंटमध्ये मला लॅटिन शिकवलं ते त्यांनी. आज त्या एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. एक डोळा गेला आहे आणि दुसऱ्याची खात्री डॉक्टर देत नाहीत. सर्दीमुळे काल आल्या नाहीत, हे माझं नशीब. शनिवारी, बावीस तारखेला, चार वाजता भिंग घेऊन येणार आहेत. त्यांना काय दाखवू, नळ?

पट्टीवर आणखीही एक गोष्ट होती. ती तुला सांगायची मला गरज वाटत नाही.

पट्टी कुठे आहे ते लेखी कळव. फोन करू नकोस. फोनवर तू हसतोस आणि मग मलाही हसू येतं.

लोभ आहे, पण सध्या कुलपात आहे.
तुझी ताई


मंगळवार, ११ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (साष्टांग अशासाठी की तुझ्यासमोर उभं राहायची छाती नाही.)

पत्र वाचलं, चूक कबूल. पण माझीही बाजू ऐक. मी चित्र कधी सुलटं बघतच नाही. उपडं टाकायचं, माप घ्यायचं, कापायचं. बघत बसलं की हात हलतो, हे बाबांनी शिकवलेलं. पाच फुटांची चौकट तयार होती, तुझा कागद नऊ इंच जास्त भरला. असं झालं की खालून घ्यायचं, हा धंद्याचा रिवाज. वरून घेतलं तर माणसाचं डोकं जातं. गावातल्या निम्म्या नवराबायकोंना मी बिनपायाचे करून भिंतीवर टांगलंय. आजवर एकाचीही तक्रार नाही.

आता वाईट बातमी. चांगला जाड कागद मी फेकत नाही. आत धूळ शिरू नये म्हणून तो दुसऱ्या एखाद्या चौकटीच्या पाठीला चिकटवतो. त्या आठवड्यात सहा चौकटी गिऱ्हाइकांकडे गेल्या. सहाही घरं पालथी घालतो, पण जरा दम धर.

काल वाचनालयात जाऊन तुझं झाड पहिल्यांदाच सुलटं पाहिलं. फार देखणं आहे गं. ही सोबत होती, तिला प्रत्येक फांदी वाचून दाखवली. वकील आहे, गवंडी आहे, वाजवणारे आहेत. मला पन्नासहून जास्त वर्षं सारं गाव मिस्त्री म्हणतं. हा शब्दही तुझ्या मागिस्तेरच्याच घरातला दिसतोय, म्हणून मीही खुर्चीवर चढून शोधला. कुठेच नाही. वाऱ्याला जागा दिलीस आणि भावाला नाही? हिने तिथल्या तिथे मला खाली उतरवलं, नाहीतर आणखी बोललो असतो.

लोभ असावा. कमी करायचाच झाला तर खालून कर, वरून नको.
तुझा धाकटा


गुरुवार, १३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मिस्त्री झाडावर का नाही, हे मलाच विचारायला तुझी जीभ कशी रेटली? पट्टी शोध, म्हणजे कळेल. याहून जास्त मी लिहिणार नाही.

‘मागिस’ म्हणजे अधिक, तसं ‘मिनुस’ म्हणजे उणं. त्यावरून मिनिस्तेर, म्हणजे पडेल ते काम करणारा नोकर. त्या नोकराचे वंशज आज मिनिस्टर होऊन मोटारीतून हिंडतात आणि मागिस्तेरचे वारस, म्हणजे आम्ही शिक्षक, निवृत्त होऊन कापलेल्या झाडाखाली बसतात. ही उण्याची फांदी मी मुद्दाम काढली नव्हती. तू नऊ इंच उणे करून ती पुरी केलीस.

काल मदरचा फोन आला. मूळ शब्द लाल शाईत लिहिलास ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. लिहिला होताच. पण तो आता कोणाच्या तरी घरी भिंतीकडे तोंड करून आहे, हे सांगितलं नाही. मदरपासून मी आयुष्यात काही लपवलं नव्हतं. ते या वयात तुझ्यापायी घडलं. मग त्या म्हणाल्या की त्यांना आता सकाळी जरा बरं दिसतं, दुपारी कमी, तरी चार वाजता येईन कारण तेव्हा गाडी मिळते. यापुढे काय लिहू?

सहापैकी किती घरं झाली?

लोभाची चौकशी पट्टी सापडल्यावर कर.
तुझी ताई


सोमवार, १७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सापडली!

पाच घरी हात हलवत परतलो. सहावं गिऱ्हाईक दाताचे डॉक्टर. त्यांच्या कॉलेजातला लांबलचक फोटो, ऐंशी जण ओळीने उभे. पाय अर्थातच नाहीत. त्या लांब फोटोच्या पाठीला तुझी पट्टी अगदी मापाची बसली होती. तो टांगलाय पेशंट बसतात त्या खोलीत. खिळा सैल वाटतो असं सांगून मी फोटो उतरवला, उलटा केला, आणि तुझा कागद ओळखून माझा आ वासला. डॉक्टर शेजारीच उभे. त्यांनी वासलेल्या तोंडात बॅटरी मारली आणि खालची दाढ काढावी लागेल म्हणाले. निघताना फोटो दुरुस्तीला म्हणून मागून घेतला. दाढ तिथेच ठेवून यावी लागली.

दुकानात ओल्या फडक्याने तासभर हळूहळू सोडवली. तुझी शाई जराही हलली नाही. या खेपेला उपडी नाही टाकली, सुलटी ठेवून वाचली. मूळ शब्द, लाल. मदरची ओळ. आणि जमिनीला टेकलेल्या फांदीवर हे: ‘मिस्त्री. पोर्तुगीज खलाशांचा मेस्त्रे, जहाजातून उतरून आपल्या बोलीत आला.’ त्याच्याखाली अगदी कडेला, बारीक अक्षरात: ‘माझ्या धाकट्या भावास, ज्याने दुकान धरलं म्हणून माझी शाळा सुटली नाही.’

ताई, हे तुला कोणी सांगितलं? मला शाळेचा कंटाळाच होता.

तर आता असं करतो. नवी चौकट करतो, पट्टी परत जोडतो. सांधा दिसेल, त्याला इलाज नाही. पण माझ्याकडे चांगलं लाकूड आहे ते सदुसष्ट इंचांना पुरेल एवढंच. मूळ येईल, मदर येतील, मिस्त्रीही येईल. दोन इंच उरतात ते माझ्यावरच्या ओळीचे. तेवढे काढून टाकतो. खालून घ्यायचं हा रिवाजच आहे, आणि मदरसमोर माझं कौतुक कशाला?

गालाला सूज आहे, म्हणून फार लिहीत नाही. लोभ आहे हे वाचून कळलंच.
तुझा धाकटा


बुधवार, १९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. (या वेळी पूर्ण लिहिले आहेत, बघ.)

सुरी खाली ठेव. आत्ता, हे वाचतानाच.

बाबा शिडीवरून पडले तेव्हा दुकानात कोणीतरी बसायला हवं होतं आणि घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू चौदा वर्षांचा. शाळेचा कंटाळा आलाय, असं मोठ्याने म्हणालास आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बसलास. कंटाळा आलेला मुलगा वर्गात पहिला येत नाही. आणि काच कापायच्या टेबलाखाली दोन वर्षं भूमितीचं पुस्तक लपवत नाही. मी डबा घेऊन यायची तेव्हा ते रोज पाहायची, आणि रोज गप्प बसायची, कारण बोलले असते तर तू शाळेत गेला असतास आणि मी दुकानात. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आता एकोणसत्तर. आता गप्प बसणार नाही.

तुला एक गोष्ट माहीत नाही. मदर झाड वरून वाचत नाहीत. आम्हाला त्यांनी तसंच शिकवलं: आधी मूळ, मग खोड, मग फांद्या. म्हणजे शनिवारी त्या भिंग घेऊन वाकतील ती सगळ्यात खालच्या कडेशी. उरलेल्या डोळ्याने त्या पहिली ओळ वाचतील, ती तुझी. त्यांना वकील आणि वारा दिसेपर्यंत उजेड टिकला नाही तरी मला चालेल. त्या वेळी तू तिथे इस्त्रीचा सदरा घालून उभा असशील, सुजलेल्या गालासह. त्या विचारतील, हा मिस्त्री कोण, तेव्हा मला बोट दाखवायला कोणीतरी हवं.

सांधा दिसला तर दिसू दे. लाकूड कमी पडत असेल तर माझ्या जेवणाच्या टेबलाच्या फळ्या काढून ने. त्याचं काम झालं आहे. आणि डॉक्टरांच्या फोटोला दुसरा कागद लाव, माझा नको.

नव्या चौकटीची आतली उंची इंचांत, लेखी, तुझ्या सहीने, शुक्रवार दि. २१ नोव्हेंबर रोजी दुपारी बारा वाजेपर्यंत माझ्या दारातल्या पेटीत पडली पाहिजे. आकडा एकोणसत्तर. माझं वय तेवढंच आहे, तेव्हा विसरलो म्हणायची सोय नाही. बारा वाजून एक मिनिटाने मी स्वतः करवत घेऊन दुकानात येईन.

लोभाचं कुलूप काढलं आहे. किल्ली उत्तर आल्यावर.
तुझी ताई